अडचणीच्या जागी गोल झालेला बोल्ट कसा काढावा

मृगाचा पाऊस पडून जातो, जमिनीस वाफसा येतो आणि नेमक्या त्याच दिवशी ट्रॅक्टर चालू होत नाही, असा प्रसंग खेड्यापाड्यांत पुष्कळदा ओढवतो. दोष बहुधा किरकोळ असतो. स्टार्टर खाली उतरवून त्याचे कार्बन ब्रश बदलावयाचे, एवढेच काम असते. परंतु स्टार्टरला जागेवर धरून ठेवणारा वरचा बोल्ट इंजिनाच्या अंगालगतच्या सांदीत असतो. तेथे हात पुरत नाही व दृष्टी पोहोचत नाही. अंदाजाने लावलेला पाना घसरतो, डोक्याचे कोपरे झडतात आणि अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते. वाफसा तितके दिवस थांबत नाही.

ट्रॅक्टरच्या स्टार्टरचा हाच बोल्ट उदाहरणादाखल घेऊन, गोल झालेला बोल्ट काढण्याची क्रमवार रीत या लेखात दिली आहे. जीप, मालवाहू गाडी, डिझेल इंजिन, पंप व मळणी यंत्र यांवरील बोल्टांनाही थोड्याफार फरकाने तीच रीत लागू पडते. या रीतीचे सार असे की, बोल्ट पकडीने सुटतो. नुसत्या जोराने सुटत नाही. प्रत्येक फसलेला प्रयत्न शिल्लक राहिलेली पकड आणखी कमी करतो. म्हणून सौम्य उपाय आधी व तीव्र उपाय शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये.

बोल्टचे डोके गोल का होते?

बोल्टचे डोके षटकोनी असते. १७ मिलिमीटरच्या डोक्याचे समोरासमोरील दोन सपाट अंगांमधील अंतर १७ मिलिमीटर असते, तर समोरासमोरील दोन कोपऱ्यांमधील अंतर सुमारे १९.६ मिलिमीटर भरते. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर पान्याला धरावयास मिळणारे लोखंड अवघे १.३ मिलिमीटर असते. बोल्ट फिरविण्याचा सारा भार या एवढ्याशा लोखंडावर पडतो. तेवढा भाग झिजला की डोके गोल झाले असे आपण म्हणतो.

हे लक्षात घेतले म्हणजे चुकीच्या मापाच्या पान्याने किती हानी होते ते कळून येईल. १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे डोके काही यंत्रांवर १७ मिलिमीटरचे, तर काहींवर १६ मिलिमीटरचे असते. १६ च्या डोक्यावर १७ क्रमांकाचा पाना लावल्यास तो केवळ कोपऱ्यांच्या टोकांवर टेकतो आणि पहिल्याच जोरात ती टोके दुमडतात. जुन्या ट्रॅक्टरांवर व जीपगाड्यांवर इंची मापाचे बोल्ट आढळतात. अर्ध्या इंचाचे, म्हणजे चार सुती डोके १२.७ मिलिमीटर भरते. त्यावर १३ क्रमांकाचा पाना बसल्यासारखा वाटतो, परंतु तो सैल असतो. साडेचार सुती डोके १४.३ मिलिमीटर असते. त्यावर १४ क्रमांकाचा पाना बसत नाही आणि १५ क्रमांकाचा घसरतो. अशा यंत्रांकरिता इंची पाने निराळे ठेवणे अवश्य आहे.

अडचणीच्या जागेतील बोल्ट अधिक प्रमाणात गोल होतात यालाही निश्चित कारण आहे. उघड्या तोंडाचा पाना बोल्टच्या फक्त दोन अंगांना धरतो. त्याचे तोंड दांड्याशी १५ अंश कललेले असल्याने तो उलटसुलट करून ३० अंशांच्या जागेतही चालविता येतो. सहा कोनी रिंग पान्यास ६० अंश जागा लागते, परंतु तो सर्व सहा अंगांना धरतो. सांदीत जागा कमी असल्यामुळे माणूस साहजिकच उघडा पाना उचलतो. ज्या बोल्टला सर्वांत चांगली पकड हवी, त्यालाच सर्वांत कमकुवत पकड मिळते.

यात गंजाची भर पडते. चिखलणी करताना उडणारे पाणी, समुद्रकाठची खारी हवा, रासायनिक खतांची भुकटी व धुतल्यानंतर सांदीत साचणारा ओलावा यांमुळे आट्यांमध्ये गंज धरतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून आटे एकमेकांत आवळले जातात. बोल्ट पोलादाचा व त्याचे घर ॲल्युमिनियमचे असेल, तर ओलाव्यामुळे दोन भिन्न धातूंमध्ये होणारी झीज हा अटकाव अधिक वाढविते.

पहिली घसरण हा इशारा समजावा

पाना एकदा घसरला की हात थांबवावा. पुष्कळसे नुकसान त्यानंतरच्या चार-पाच प्रयत्नांत होते. तोच पाना पुन्हा लावून, त्याच्या दांड्यात नळी घालून जोर केला जातो. १० मिलिमीटरचा सर्वसाधारण प्रतीचा बोल्ट घट्ट करण्यास सुमारे ५० न्यूटन-मीटर पीळ लागतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २५ किलो भार दिल्यास तेवढा पीळ मिळतो. तोच दांडा नळी घालून १ मीटरचा केला व त्यावर ४० किलो भार टाकला, तर ४०० न्यूटन-मीटर, म्हणजे आठपट पीळ पडतो. एवढ्या पिळाने डोके तरी गोल होते, नाहीतर बोल्ट आतल्या आत तुटतो. गोल झालेला बोल्ट निघू शकतो. आत तुटलेला बोल्ट काढण्यास मात्र यंत्रशाळेचा रस्ता धरावा लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी

१. ट्रॅक्टर सपाट व कठीण जमिनीवर उभा करावा, हातब्रेक लावावा व चाकांना लाकडी ठोकळ्यांचा अटकाव द्यावा. खाली जाऊन काम करावयाचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम घोडे किंवा जाड लाकडी ठोकळे आधारास द्यावेत. विटा किंवा दगड वापरू नयेत. ते भाराखाली अकस्मात फुटतात.

२. स्टार्टरकडे जाणारी जाड तार बॅटरीशी थेट जोडलेली असते. किल्ली बंद केली तरी त्या तारेत वीज असतेच. पान्याचे एक टोक त्या तारेच्या बोल्टला व दुसरे इंजिनाच्या लोखंडाला लागल्यास मोठी ठिणगी पडते, पाना तापून लाल होतो व हात भाजतो. यास्तव पाना हाती घेण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार काढून दूर बांधावी. ऋण तार नेहमी प्रथम काढावी व जोडताना शेवटी जोडावी.

३. डोळ्यांस चष्मा लावावा. छिन्नी, ड्रिल व हातोडा वापरताना उडणारा लोखंडाचा कण डोळा कायमचा अधू करू शकतो. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे.

४. इंजिन थंड होऊ द्यावे. डिझेल गळत असल्यास ती गळती आधी थांबवून जागा पुसून घ्यावी.

जागा मोकळी करावी व बोल्ट दृष्टीस पाडावा

वाटेत येणारे भाग काढण्याचा कंटाळा करू नये. इंधन गाळणीची पट्टी, हवेची नळी किंवा तारांचा पट्टा हे दहा मिनिटांत निघतात. ते न काढता आंधळेपणाने केलेल्या प्रयत्नांत तास जातो व बोल्टही बिघडतो. काढलेल्या भागांचे बोल्ट एका डब्यात क्रमाने ठेवावेत. इंधनाची नळी काढल्यास तिचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करावे.

सरळ दिशेने हात पोहोचत नसेल तर आडवी वाट शोधावी. पुष्कळ ट्रॅक्टरांवर स्टार्टरच्या वरच्या बोल्टचे डोके मागच्या किंवा पुढच्या बाजूने लांब जोडदांडा घालून गाठता येते. दोन-तीन जोडदांडे एकमेकांस जोडून, मध्ये हलता सांधा घालून, मोकळ्या जागेतून रॅचेट फिरविता येते. हलत्या सांध्याचा कोन जितका कमी तितके बरे. कोन वाढला की सॉकेट डोक्यावर तिरपे बसते व घसरते. एक हात सॉकेटच्या मागे धरून ते डोक्यावर दाबून ठेवावे.

बोल्ट दिसत नसल्यास भ्रमणध्वनीचा कॅमेरा सांदीत धरून छायाचित्र घ्यावे. डोक्यास किती कोपरे शिल्लक आहेत, भोवती किती जागा आहे व डोक्यावर माप किंवा प्रत कोरलेली आहे काय, हे त्यात स्पष्ट दिसते. आरसा वापरल्यास मात्र फिरण्याची दिशा उलट दिसते, हे ध्यानात ठेवावे. बोल्ट सोडविण्याची दिशा नेहमी डोक्यासमोर उभे राहिल्याची कल्पना करून ठरवावी : घड्याळाच्या काट्यांच्या उलट. डोके आपल्या विरुद्ध बाजूस असेल तर ही दिशा आपल्याला काट्यांप्रमाणे भासते. सोडविण्याऐवजी बोल्ट आवळला जाण्याचे प्रकार यामुळेच घडतात. काही ठिकाणी आटेच डावे असतात. जुन्या विलीस बनावटीच्या जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट हे याचे परिचित उदाहरण आहे.

स्टार्टर दोन किंवा तीन बोल्टांवर बसविलेला असतो. अडलेला बोल्ट एक असला तर इतर बोल्ट आधी काढू नयेत. ते काढल्यास स्टार्टरचे सारे वजन अडलेल्या बोल्टवर तिरपे पडते व तो अधिकच आवळतो. अडलेला बोल्ट प्रथम ढिला करावा, स्टार्टरखाली आधार द्यावा व मग सर्व बोल्ट काढावेत.

गंजाची पकड सैल करणे

तेल – डोक्याभोवतीची माती तारेच्या ब्रशाने काढून गंजात शिरणारे तेल बोल्टच्या सांध्यावर सोडावे. असे तेल न मिळाल्यास डिझेलमध्ये थोडे पातळ वंगण मिसळून वापरता येते, परंतु त्याचा परिणाम कमी होतो. तेल एकदाच भरपूर ओतण्यापेक्षा थोडे थोडे, तासा-दोन तासांनी, तीन-चार वेळा द्यावे. शक्य असेल तर सायंकाळी तेल देऊन सकाळी काम करावे. एका रात्रीचा हा विलंब पुढील दोन दिवस वाचवितो.

ठोका – तेल दिल्यावर डोक्यावर लोखंडी दांडा सरळ टेकवून त्यावर हातोड्याचे मध्यम जोराचे आठ-दहा ठोके द्यावेत. ठोक्याने आट्यांमधील गंजाचा थर तडकतो व तेलाला वाट मिळते. घर ॲल्युमिनियमचे असेल तर ठोके हलके असावेत. घराच्या कडेवर ठोका कधीही मारू नये.

पुढे-मागे – बोल्टचे डोके अद्याप पकड देत असेल तर प्रथम तो किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, नंतर सोडविण्याच्या दिशेने. हलला की अर्धा फेरा सोडावा, पाव फेरा परत घ्यावा, तेल द्यावे व पुन्हा सोडावा. सुटू लागलेला बोल्ट एकदम फिरविल्यास गंजाचा चुरा आट्यांत अडकून तो मध्येच तुटतो.

उष्णता – भोवतालचा धातू तापविला की त्यातील छिद्र प्रसरण पावते. १० मिलिमीटर छिद्राभोवतीचे पोलाद २५० अंश सेल्सिअसने तापविल्यास ते छिद्र सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठे होते. ही वाढ केसाच्या जाडीहूनही कमी असते, परंतु गंजाचा थर फोडण्यास ती पुरते. ॲल्युमिनियम याच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापलेल्या बोल्टच्या सांध्यावर मेणबत्तीचे मेण टेकविल्यास ते वितळून आट्यांत ओढले जाते व वंगणाचे काम करते. धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या बोल्टांना हा उपाय विशेष गुणकारी आहे. स्टार्टरच्या बोल्टला मात्र ज्योत लावू नये. जवळ डिझेलच्या नळ्या, तारा, बॅटरी व रबरी पट्ट्या असतात. गंजावर सोडलेले तेलही पेट घेते. ज्योतीचा उपाय अनुभवी कारागिराने, सर्व ज्वालाग्राही भाग काढून व जवळ वाळूची बादली अगर अग्निशामक ठेवूनच करावा.

पुन्हा पकड मिळविण्याचे उपाय

गंज सैल करण्याचे उपाय झाल्यावर पुढील मार्ग याच क्रमाने अवलंबावेत.

पहिला : योग्य मापाचे सहा कोनी सॉकेट किंवा रिंग पाना. बारा कोनी पाना कोपऱ्यांच्या जवळ टेकतो. सहा कोनी पाना सपाट अंगावर टेकतो, त्यामुळे अर्धवट झिजलेले डोकेही तो पुष्कळदा धरतो. सॉकेट डोक्याच्या बुडापर्यंत बसले आहे याची खात्री करावी. आत माती असल्यास ते वर उचललेले राहते. डोक्यावर व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट थोडी लावल्यास तिच्या कणांमुळे पकड वाढते. पहिला हलका सैलपणा मिळेपर्यंतच हा पाना आवश्यक आहे. पुढे ७२ दातांचे रॅचेट वापरल्यास प्रत्येक खेपेस अवघी ५ अंश जागा पुरते.

दुसरा : किंचित लहान मापाचे सॉकेट ठोकून बसविणे. १३ च्या झिजलेल्या डोक्यावर अर्ध्या इंचाचे सॉकेट हातोड्याने ठोकले असता ते घट्ट बसते. १७ च्या डोक्यावर १६ चे सॉकेट गंजाने डोके बरेच खाल्ले असेल तरच बसते. अन्यथा प्रथम कडा कानसीने थोड्या उतरवाव्या लागतात. याकरिता जुने, कमी किमतीचे सॉकेट वापरावे.

तिसरा : आतून पिळाचे दाते असलेले बोल्टकाढणी सॉकेट. त्याचे दाते सोडविण्याच्या दिशेने जोर दिला की डोक्यात अधिकाधिक रुततात. काहींची बाहेरील बाजू षटकोनी असते. अशा सॉकेटला रॅचेटऐवजी बाहेरून रिंग पाना लावता येतो, म्हणून डोक्यासमोर जागा कमी असली तरी काम होते. अडचणीच्या जागेकरिता एवढ्या उपयोगाचे दुसरे साधन क्वचितच असेल. सॉकेट हातोड्याने चांगले ठोकून बसवावे व नंतर सावकाश, अखंड जोराने ओढावे.

चौथा : डोक्यावर दोन समांतर सपाट अंगे पाडणे. बारीक कानशीने समोरासमोरील दोन बाजू घासून १७ च्या डोक्यावर १६ किंवा १५ मापाची सपाट अंगे तयार करावीत व घट्ट बसणारा उघडा पाना लावावा. कानस फिरविण्याइतकी जागा असेल तरच हा उपाय साधतो.

पाचवा : कुलूपबंद होणारी पक्कड. तिचे जबडे डोक्यावर शक्य तितके घट्ट आवळून मगच फिरवावे. सैल पक्कड उरलेली पकडही घालविते.

सहावा : छिन्नी. डोक्याच्या कडेवर छिन्नीने खाच पाडावी व तीच छिन्नी त्या खाचेत तिरपी टेकवून सोडविण्याच्या दिशेने ठोकावी. ही आपल्याकडील जुनी व परिचित रीत आहे. परंतु ती डोके खराब करते, म्हणून वरील उपाय थकल्यावरच तिचा अवलंब करावा.

डोके षटकोनी नसून आत षटकोनी खळगा असेल व तो गोल झाला असेल, तर त्या खळग्यात किंचित मोठे ताराकार टोक ठोकून बसवावे. त्यापूर्वी खळग्यातील माती सुईने काढून टाकावी.

पाना ओढताना तो शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलणे भाग पडल्यास मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावे. पाना निसटला तर मुठीची बोटे इंजिनाच्या धारदार कडेवर आपटतात.

डोके छेदून काढणे

वरील सर्व उपाय थकले तरी निराश होण्याचे कारण नाही. बोल्टची घट्टपणाची मुख्य ताण डोक्याखाली असते. डोके वेगळे केले की ती ताण नाहीशी होते, भाग सुटून बाहेर येतो आणि घरात उरलेला बोल्टचा दांडा पुष्कळदा थोड्या जोराने निघतो.

डोक्याच्या मध्यावर पंचाने खूण करावी. खूण मध्यावर नसेल तर छिद्र तिरपे जाते, म्हणून या कामात घाई करू नये. प्रथम ४ ते ५ मिलिमीटरच्या, नंतर ८ च्या व शेवटी बोल्टच्या दांड्याएवढ्या, म्हणजे १० मिलिमीटरच्या बिटाने छिद्र वाढवावे. १० मिलिमीटर बोल्टच्या डोक्याची जाडी सुमारे ६.५ मिलिमीटर असते. बिटावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीची खूण करावी, म्हणजे छिद्र अधिक खोल जाणार नाही. ड्रिलची गती कमी, दाब पुरेसा व तेलाचा थेंब सतत असावा. सांदीत साधे ड्रिल मावत नसल्यास काटकोनात वळलेल्या तोंडाचे ड्रिल वापरावे. ते कारागिराकडे मिळू शकते. शेवटी डोके कडीसारखे सुटते.

डोके सुटण्यापूर्वी स्टार्टरखाली आधार द्यावा. स्टार्टर वजनदार असतो व अकस्मात खाली येऊन हात चेमटवू शकतो. स्टार्टर बाहेर आला की त्याच्या कानाच्या जाडीइतका दांडा घराबाहेर उरतो. त्यास पुन्हा तेल द्यावे व कुलूपबंद पकडीने धरून पुढे-मागे हलवीत काढावा. बाहेर आलेल्या भागावर आटे असतील तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळावेत व आतील नटाला पाना लावून दांडा फिरवावा.

बोल्ट घराच्या सपाटीत तुटल्यास

अशा वेळी दोन मार्ग राहतात. एक, दांड्याच्या टोकावर नट ठेवून तो आतून झाळणे. झाळकामाची उष्णता गंज सोडविते व नट नवे डोके बनतो. झाळण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात. हल्लीच्या ज्या ट्रॅक्टरांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आहे, त्यांवर झाळकामापूर्वी त्याचेही जोड सोडवावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे दांड्याच्या बरोबर मध्यावर त्याच्या निम्म्या व्यासाचे छिद्र पाडून त्यात डाव्या पिळाचे काढणी-टोक फिरविणे. हे टोक अतिशय कठीण पण ठिसूळ पोलादाचे असते. ते आत तुटल्यास साध्या बिटाने त्यात छिद्र पडत नाही आणि काम कित्येक पटींनी अवघड होते. म्हणून अडलेल्या दांड्याला आधी तेल, ठोका व उष्णता यांचे उपचार न करता हे टोक वापरू नये.

येथपर्यंत पोहोचल्यावर अनुभव नसलेल्याने काम कारागिराच्या हाती सोपविणे हेच काटकसरीचे ठरते. नीट मध्यावर राहिलेला, न छेदलेला तुटका दांडा कारागीर लवकर काढतो. तिरपे छिद्र पाडलेल्या दांड्यामुळे घराचे आटेही बिघडतात.

नवा बोल्ट बसविताना

काढलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. त्याच व्यासाचा, त्याच आट्यांचा, त्याच लांबीचा व त्याच प्रतीचा नवा बोल्ट घ्यावा. डोक्यावर ८.८ असा अंक असेल तर तीच प्रत मागावी. जुना बोल्ट दुकानी घेऊन जाणे उत्तम. १० मिलिमीटर बोल्टच्या सर्वसाधारण आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर असते, परंतु बारीक आट्यांचे बोल्टही मिळतात व ते दिसण्यात सारखेच असतात.

घरातील आटे टॅपने किंवा खाच पाडलेल्या जुन्या बोल्टने साफ करावेत व चुरा हवेने काढावा. आट्यांवर गंजरोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरातच अधिक आवळला जातो, याचे भान ठेवून घट्ट करावा. यंत्राच्या पुस्तिकेत पिळाचा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. प्रथम दोन-तीन फेरे बोटांनी फिरवावेत. बोल्ट बोटांनी जात नसेल तर आटे तिरपे लागले आहेत असे समजून तो परत काढावा.

स्टार्टरचा विद्युत्प्रवाह बहुतेक ट्रॅक्टरांत त्याच्या कानांतून इंजिनाच्या लोखंडाकडे परत जातो. म्हणून दोन्ही टेकणारे पृष्ठभाग घासून स्वच्छ करावेत. त्यांवर रंग किंवा गंज ठेवू नये. तसे न केल्यास नवे ब्रश घालूनही स्टार्टर मंद फिरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

गोल झालेल्या बोल्टवरील खरा उपाय हंगामापूर्वीच करावयाचा असतो. पेरणीच्या आधी, वैशाखात, ट्रॅक्टर व इंजिने मोकळी असतात. त्या वेळी अडचणीच्या जागेतील बोल्ट एकदा ढिले करून, साफ करून, ग्रीस लावून पुन्हा योग्य पिळाने आवळून घ्यावेत. ज्या बोल्टचे कोपरे झिजू लागले आहेत तो तेव्हाच बदलावा.

कार्यकर्त्यांनी गावातील अवजार केंद्रात किंवा शेतकरी गटाकडे पुढील सामग्रीची एक पेटी ठेवण्याचा आग्रह धरावा : ८ ते २४ मिलिमीटरची सहा कोनी सॉकेटे, लांब व आखूड जोडदांडे, हलता सांधा, रॅचेट, नेहमीच्या मापांची बोल्टकाढणी सॉकेटे, कुलूपबंद पक्कड, बारीक कानस, पंच, तारेचा ब्रश, गंजात शिरणारे तेल, गंजरोधक ग्रीस व डोळ्यांचा चष्मा. जुनी इंची यंत्रे गावात असतील तर इंची सॉकेटांचा एक संच त्यात असावा. एका कुटुंबास ही पेटी महाग वाटेल, पण दहा-पंधरा ट्रॅक्टरांच्या गावास ती भारी पडत नाही.

प्रात्यक्षिक दाखविण्याकरिता चालू ट्रॅक्टर घेऊ नये. भंगारातील इंजिनाचा गंजलेला बोल्ट घ्यावा व त्याचे डोके मुद्दाम झिजवून, शेतकऱ्यांच्या हातूनच वरील क्रमाने तो काढवून घ्यावा. पान्याची घसरण हाताला कशी जाणवते, हे ज्याने एकदा अनुभवले, तो पुढील वेळी त्या क्षणी थांबतो.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

• पाना लावण्यापूर्वी डोक्याचे माप घ्यावे. सैल पाना लावू नये.
• पहिल्या घसरणीस थांबावे.
• स्टार्टरवर काम करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी.
• आधी तेल व वेळ, मग ठोका, मग पकड, छेदणे शेवटी.
• अडलेला बोल्ट ढिला होईपर्यंत इतर बोल्ट काढू नयेत.
• पान्यात नळी घालून जोर करू नये.
• नवा बोल्ट ग्रीस लावून, योग्य पिळाने बसवावा.